डावी टाच

आमच्या जवाहरनगरात
माणूस आधी पायावरनं ओळखतात, मग तोंडावरनं.
म्हणून निलोफर मुजावरचा चेहरा
मला अजून नीट सांगता यायचा नाही.
मी उताणी, हात डोक्यावर, नजर छताला.
तिची पावलं तेवढी ऐकू यायची.
उजवं हलकं. डावं जरा घासत.

पहिल्या दिवशी तिनं छातीवर शाईच्या रेघा मारल्या,
मग सुईनं तीन टिपके.
म्हटलं, कातडं बेतालीस व्हय गं?
आमचं पण अस्संच. खूण चुकली की जोडी वाया.
ती हसली नाही.
"म्हणूनच दोनदा बघते, मावशी."
माझ्या आईनं कपाळावर गोंदून घेतलेलं, हौसेनं.
हे गोंदण कुणाला दाखवायचं?

कागदावर मी हौसाबाई गणपती सातपुते,
वय छप्पन्न, डावी बाजू.
"घरात काय म्हणतात?"
हौसाक्का.
दुसऱ्या दिवसापासनं त्याच नावानं हाक.
बाहेर बाकावरची गडहिंग्लजची बाईसुद्धा
हौसाक्का म्हणायला लागली, डबा उघडून पुढं करायला लागली.

हात वर जाईना.
काखेतल्या गाठी काढल्यापासनं खांद्याचा दगड झालेला.
दुसरा एक पोरगा होता, म्हणाला, लवकर, पुढचे थांबलेत.
थांबू देत, म्हणाली ती.
कोपराखाली टॉवेलची घडी ठेवली,
अजून एक ठेवली,
मग एक काढून घेतली.
"आता?"
आता.

चौगुले डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं,
"हे सगळं झाल्यावर तुम्हाला काय करता यायला पाहिजे?"
असं कुणी विचारलं नव्हतं.
काढून टाकायचं ठरलं तेव्हासुद्धा
विचारलं होतं ते मालकांना.
मी म्हटलं, वेणी.
त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं. केस होतेच कुठं.
केसांची नव्हं ओ! चपलेच्या पट्ट्यावरची.
सात पदर, दोऱ्यागत बारीक वाद्या,
दोन्ही हात लागतात त्याला.
त्यांनी ते लिहून घेतलं.
खरंच लिहून घेतलं, मी बघितलं.
भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला
आणि वेळ दिली दुपारी तीनची,
सकाळी चप्पल लाइनीत माल पोचवायचा असतो म्हणून.

सगळे बाहेर जातात. जाड दार लागतं.
मशीन घुमतं, लांबच्या गुऱ्हाळाच्या इंजिनागत.
श्वास धरा, म्हणतो आवाज. धरते.
सोडा, म्हणतो. सोडते.
पण सुटायचा नाही तो,
दार उघडून
उजवं हलकं, डावं घासत
असं ऐकू येईपर्यंत.

अठराव्या दिवशी कातडी काळी पडली, काखेत सोलली.
त्याच आठवड्यात ती एक दिवस नव्हती.
पोरानं हाक मारली, "अकरा नंबर."
उठले, गेले, निजले.
रेघा त्याच, मशीन तेच, चुकलं काहीच नाही.
घरी येऊन जेवले मात्र नाही.

शेवटच्या दिवशी पिशवीत कागद आणि पेन्सिल नेली.
म्हटलं, ठेव पाय.
ती लाजली.
डावी टाच बाहेरनं झिजती तुझी, ठाव हाय मला.
"लहानपणी मोडला होता, मावशी. सांगत नाही कुणाला."
मग सांगू नकोस.
डाव्या तळाला एक थर जादा घेते.
आणि बिया घालू? चालताना कर्रकर्र वाजतील.
दवाखान्यात नको असल्या तर तसं सांग.
तिनं जाड दाराकडं बघितलं.
आत कोणतरी नवीन निजलेली होती.
"घाला," म्हणाली.
"आतल्यांना कळू दे, मी आले."

वेणी अजून चाललीय.
दिवसाला चार बोटं, खांदा बोलायला लागला की ठेवून देते.
डाव्या पायाची आधी घेतलीय.